कॅव्हिअरच्या डबीवरचं एक अक्षर

कॅव्हिअरच्या डबीवर एक छोटं लेबल असतं. डबी उघडली की ते फाटतं, म्हणजे दुसऱ्या डबीला चिकटवता येत नाही. त्यावर माशाची जात, देश, वर्ष, कारखान्याचा नंबर आणि मधे एकच इंग्रजी अक्षर. ‘डब्ल्यू’ म्हणजे नदी-समुद्रातला मासा, ‘सी’ म्हणजे टाक्या-तळ्यांत पैदास केलेला. आज परदेशात कायदेशीर जाणाऱ्या जवळपास सगळ्या डब्या ‘सी’च्या. चाळीस वर्षांपूर्वी मात्र बहुतेक सगळा माल नदी-समुद्रातलाच होता.

कॅव्हिअर म्हणजे स्टर्जन माशाची खारवलेली गाबोळी. आपण गाबोळी तव्यावर परततो, तिथे ती कच्चीच खातात. मादीचं पोट चिरून गाबोळी काढायची, चाळणीवर हलक्या हाताने फिरवायची. दाणे खाली पडतात, पडदा वर राहतो. मग धुणं, निथळणं आणि वजनाच्या तीन-चार टक्के मीठ. अंडी पोटात सुटी होण्याआधीच काढावी लागतात, नाहीतर दाणा मऊ पडतो. म्हणून मासा मारणं आलंच, आणि सगळी गोम इथेच आहे. बेलुगा या सर्वांत मोठ्या जातीची मादी पहिल्यांदा अंड्यांवर यायलाच साधारण पंधरा-वीस वर्षं घेते, पुढेही दरवर्षी अंडी घालत नाही. 1827 मध्ये व्होल्गाच्या मुखाशी सापडलेल्या एका मादीचं वजन 1,571 किलो नोंदलेलं आहे. अशी मादी मारली की पोटातल्या गाबोळीबरोबर तिच्या पुढच्या सगळ्या विणीही जातात.

कॅव्हिअर म्हटलं की रशिया आठवतो, पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या धंद्यात अमेरिका पुढे होती. हडसन नदीतला स्टर्जन इतका मुबलक की त्याला ‘ऑल्बनीचं बीफ’ म्हणत. डेलावेअर नदीकाठच्या एका मासेमारी वस्तीचं नावच ‘कॅव्हिअर’ पडलं. तिथून पिंपं भरून माल युरोपात जाई. विसावं शतक उजाडता उजाडता मासा संपला, धंदाही बसला.

मग उरला कॅस्पियन समुद्र. तिथल्या इराणी किनाऱ्यावरची मासेमारी आधी रशियन मक्तेदारांकडे, 1927 पासून सोव्हिएत-इराणी भागीदारीत होती. 1953 मध्ये इराणने ती ताब्यात घेतली. 1979च्या इस्लामी क्रांतीनंतर वेगळाच पेच आला: खवले नसलेला मासा निषिद्ध. शेवटी शेपटीजवळ खवले असल्याचा निर्वाळा मिळाला आणि 1983 मध्ये स्टर्जन हलाल ठरला. परकीय चलनाची गरज धर्मशास्त्रालाही बारकाईने बघायला लावते!

सोव्हिएत बाजूला घाव वेगळा बसला. 1958 मध्ये तेव्हाच्या स्टालिनग्राडपाशी धरणाने कॅस्पियनला मिळणारी व्होल्गा अडवली आणि बेलुगाच्या अंडी घालायच्या बहुतेक जागा धरणापलीकडे राहिल्या. त्यावर उपाय म्हणून सरकारने पैदास केंद्रं काढली, दरवर्षी कोट्यवधी पिल्लं नदीत सोडली, खुल्या समुद्रात स्टर्जन धरायला बंदी केली. पर्यावरणाचं फार प्रेम होतं अशातला भाग नाही, पण धंदा सरकारी असल्यामुळे धाक होता. 1991 मध्ये तो धाक गेला. दोन देशांच्या समुद्राला पाच देश झाले, पगार थांबलेली माणसं जाळी घेऊन उतरली आणि चोरटी मासेमारी कायदेशीरच्या कितीतरी पुढे गेली.

वन्यजीवांच्या व्यापारावरच्या ‘साइटिस’ करारात स्टर्जनच्या सगळ्या जाती 1998 पासून आल्या. लेबलही त्यातूनच पुढे आलं. 2005 मध्ये अमेरिकेने बेलुगा कॅव्हिअरची आयात थांबवली, 2006 मध्ये रुमानियाने डॅन्यूब नदीत स्टर्जन धरायला बंदी घातली. मागणी मात्र हटली नाही, ती तळ्यांकडे वळली. आज सर्वाधिक कॅव्हिअर चीनमध्ये तयार होतं, त्यातलं बरंचसं चच्यांग प्रांतातल्या छ्येनदाव सरोवरातल्या माशांचं. त्याच देशातल्या यांगत्से नदीचा स्टर्जन 2022 मध्ये ‘निसर्गातून नामशेष’ जाहीर झाला. आययूसीएन या निसर्गरक्षणाच्या जागतिक संघटनेच्या त्या वर्षीच्या यादीत स्टर्जनच्या उरलेल्या सगळ्या जाती धोक्यात आहेत.

आणि ते अक्षर? 2023 मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी बल्गेरिया, रुमानिया, सर्बिया आणि युक्रेनमधल्या 149 नमुन्यांची तपासणी प्रसिद्ध केली. सुमारे निम्मे बेकायदा निघाले, पाचातला एक नदी-समुद्रातून चोरून धरलेल्या माशाचा. उलटा प्रकारही सापडला: तळ्यातला माल नदीतला म्हणून खपवलेला. गिऱ्हाइकाला अजून नदीतलाच हवा असतो.