पाण्याचा मग कोणाच्या हातात?

दोन-अडीच वर्षांचं मूल पाण्यात बसून खिदळत असतं. हातांनी पाणी उडवतं, पोटावर ओतून घेतं. पण केस धुवायची वेळ आली, की तेच मूल असं किंचाळतं की घर गोळा व्हावं. पाणी तेच, न्हाऊ घालणारे हातही तेच. आपण ‘हट्टीपणा’ म्हणून मोकळे होतो. पण त्या क्षणी मुलावर काय गुदरतं, ते जरा पाहू.

मान मागे झुकवलेली, डोळे गच्च मिटलेले. आपल्या आतल्या कानात तोल सांभाळणारी एक यंत्रणा असते. मान मागे गेली, की तिथले अतिसूक्ष्म स्फटिक सरकतात आणि ‘आपण कलतोय’ असा निरोप मेंदूला जातो. एरवी डोळे लगेच खात्री करून देतात, की पडत वगैरे काही नाही. मिटलेल्या डोळ्यांना ते जमत नाही. त्यात पाण्याची पुढची धार कधी येणार, किती येणार, हे सगळं दुसऱ्याच्या हातात.

मला हे शेवटचं कारण सगळ्यात मोठं वाटतं. स्वतःच स्वतःला गुदगुल्या करून पाहा, हसू येत नाही. १९९८ साली लंडनमध्ये सारा-जेन ब्लेकमोर, डॅनियल वोल्पर्ट आणि क्रिस फ्रिथ यांनी मेंदूचे स्कॅन घेऊन याचं कारण शोधलं. आपण हात हलवतो तेव्हा त्यातून होणाऱ्या स्पर्शाचा अंदाज मेंदू आधीच बांधतो आणि तो स्पर्श सौम्य करून टाकतो. दुसऱ्याचा स्पर्श मात्र पूर्ण जोरानिशी जाणवतो. तो प्रयोग मोठ्या माणसांवर होता, न्हाणीघरातल्या मुलांवर नव्हे. तरी त्यातून मिळणारी युक्ती अगदी साधी आहे: पाण्याचा मग मुलाच्याच हातात द्या. आधी गुडघ्यावर, मग खांद्यावर, काही दिवसांनी डोक्यावर त्याचं त्यालाच ओतू दे. आपल्याला ओतावं लागलंच, तर मोठ्याने ‘एक, दोन, तीन’ म्हणून तिनालाच ओतावं. दोनाला ओतून फसवू नये, नाहीतर मोजण्यावरचा त्याचा विश्वासच उडेल.

पाण्याचा मग हातात आला की खेळ आपोआप सुरू होतो. त्यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. दोन-तीन आकारांचे पेले, एक गाळणी, स्पंजाचा तुकडा आणि चेंडू एवढं पुरतं. चेंडू पाण्याखाली दाबून धरला की पाणी हाताला वर ढकलतं. आर्किमिडीजचा नियम मुलाला असा थेट दंडाच्या स्नायूंमधून कळतो. रिकामी वाटी तरंगते, तीच भरली की बुडते. पेला पालथा करून सरळ खाली दाबला तर आत पाणी शिरत नाही, आणि जरा तिरपा केला की ‘बुडुक’ करून मोठा बुडबुडा सुटतो. हवा रिकामी नसते, तीही जागा अडवते, हे या एका आवाजाइतकं चांगलं मला तरी समजावून सांगता येणार नाही.

यातला माझा सगळ्यात आवडता खेळ म्हणजे पाणी या पेल्यातून त्या पेल्यात ओतणं. रुंद पेल्यातलं पाणी मुलासमोर उंच, निमुळत्या पेल्यात ओता आणि विचारा, ‘आता पाणी जास्त झालं की तेवढंच आहे?’ साधारण सहा-सात वर्षांपर्यंत बहुतेक मुलं ठामपणे ‘जास्त!’ म्हणतात. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी मुलांच्या विचारपद्धतीचा अभ्यास करताना हाच प्रश्न वापरला. मूल फक्त उंची पाहतं, रुंदी त्याच क्षणी लक्षात घेणं त्याला जमत नाही. इथे मोठ्यांना राहवत नाही, ते लगेच चूक सुधारायला जातात. तसं करू नये. त्याला पाणी परत ओतू दे, पुन्हा पुन्हा ओतू दे.

फेसही हवाच, पण शेवटी. सुगंधी फेसात फार वेळ बसल्याने नाजूक त्वचा कोरडी पडते, चुरचुरतेही. पाणी ३७-३८ अंश सेल्सिअस, म्हणजे जेमतेम अंगाइतकं कोमट असावं. आधी थंड पाणी घ्यावं, त्यात गरम मिसळून ढवळावं आणि कोपर बुडवून पाहावं. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून घेतं आणि मुलाच्या वजनाच्या मानाने त्याची त्वचा जास्त असते, म्हणून ते आपल्या आधी गारठतं. ओठ थरथरले की खेळ थांबवायचा.

आणि एका गोष्टीत तडजोड नाही. लहान मूल काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं, तेही आवाज न करता. बादलीत डोकावताना डोक्याच्या भाराने तोल गेला, तर त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही. म्हणून फोन वाजला, दारावर कोणी आलं, तरी मुलाला एकटं सोडायचं नाही. उठावंच लागलं तर त्याला टॉवेलात गुंडाळून सोबत न्यायचं.

दाबल्यावर पिचकारी मारणारी रबरी खेळणी मी टाळते. २०१८ साली स्विस आणि अमेरिकी संशोधकांनी अशी वापरलेली खेळणी कापून पाहिली, तेव्हा आत जिवाणूंचा बुळबुळीत थर आणि बऱ्याच खेळण्यांत बुरशीही सापडली. आतून वाळत नाही ते खेळणं न्हाणीत नकोच.

एव्हाना बोटं सुरकुतलेली असतात आणि मूल ती कौतुकाने दाखवतं. पाणी मुरल्याने बोटं नुसती फुगली, असं आपल्याला वाटतं. पण बोटाचा मज्जातंतू तुटलेला असेल तर तिथे सुरकुत्या पडत नाहीत. म्हणजे हे काम मज्जासंस्थेचं आहे, तीच तिथल्या रक्तवाहिन्या आकुंचित करते. २०१३ साली न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांना सुरकुतलेल्या बोटांनी ओल्या वस्तू लवकर उचलता येतात असं दिसलं, तर पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाला तसा काहीच फायदा आढळला नाही. तेव्हा आंघोळीच्या सुरुवातीला एकदा आणि बोटं सुरकुतल्यावर पुन्हा एकदा, निसरडी साबणवडी मुलाच्या हातात देऊन पाहा. कधी जास्त निसटते, ते मूलच सांगेल.