सहा शब्द, पण हेमिंग्वेचे नव्हेत

‘विकणे आहे: तान्ह्या बाळाचे बूट, कधीच न घातलेले.’ मूळ इंग्रजीत मोजून सहा शब्द. जेवणाच्या टेबलावर मित्रांशी १० डॉलरची पैज लावून अमेरिकन लेखक अर्नेस्ट हेमिंग्वेने ही कथा लिहिली, असं सर्रास सांगतात. पुरावा शून्य. तो वारला १९६१ मध्ये. किस्सा पुस्तकात छापून आला थेट १९९१ मध्ये! (पैज हरलेले मित्र इतकी वर्षं गप्प कसे बसले?)

उलट १९१० मध्येच अमेरिकेतल्या स्पोकेनच्या एका वर्तमानपत्राने अशाच छोट्या जाहिरातीची दखल घेतली होती: बाळाचे हाताने शिवलेले कपडे आणि पलंग विकणे आहे, अजिबात न वापरलेले. तेव्हा हेमिंग्वे १० वर्षांचा पोरगा होता. बूटही नंतर आले; १९१७ च्या एका लेखनविषयक नियतकालिकात ते दिसतात.