जाड फणस आणि दात्यांमधली पोकळी

फोंड्याकडच्या एका जुन्या घराचं छप्पर उतरवलं तेव्हा फणसाची एक तुळई मी मागून घेतली. आठ इंच उंच, लोखंडासारखी टणक. फळ्या पाडून देव्हारा करायचा होता. मेस्ताच्या, म्हणजे सुताराच्या, बँडसॉवर (दोन चाकांवर पट्ट्यासारखं पातं फिरवणाऱ्या करवतीवर) इंचाला 10 दाते असलेलं पातं चढवलेलं होतं. बारीक दाते म्हणजे सफाईदार काप, असं मीच म्हणालो. मेस्त काही बोलला नाही, बहुधा मुद्दामच. वीतभर आत गेल्यावर धूर निघाला, लाकूड करपलं आणि पातं आखलेली रेघ सोडून भलतीकडे वळलं.

हिशेब सोपा आहे. आठ इंच जाडीत असे 80 दाते एकाच वेळी अडकलेले असतात. प्रत्येक दाता भुसा काढतो आणि लाकडातून बाहेर पडेपर्यंत तो पुढच्या खाचेत साठवतो. मोकळा भुसा मूळ लाकडाच्या कितीतरी पट जागा मागतो. बारीक दात्यांची इवलीशी खाच मध्यावरच गच्च भरते. मग दाता कापायचं सोडून नुसता घासतो. घासलं की तापतं, तापलं की पातं ढिलं पडतं आणि वाट चुकतं.

मेस्ताने पातं बदललं: इंचाला तीनच दाते, खाचा चांगल्या खोल. आता लाकडात फक्त 24 दाते. शिवाय हे पातं रुंदही होतं. जाडी तीच ठेवून रुंदी 6 मिलिमीटरवरून 18 केली, तर समोरून येणाऱ्या दाबाला पातं 27 पट ताठ राहतं, कारण हा ताठपणा रुंदीच्या घनाने वाढतो. अरुंद पातं गोलाई कापायला ठेवावं.

टेबलावरची गोल करवत का नको? दहा इंची चकती जेमतेम तीन इंच वर येते आणि प्रत्येक कापाला सुमारे तीन मिलिमीटर लाकडाचा भुसा करते. बँडसॉ साधारण त्याच्या निम्म्यात भागवतो. जुना फणस असा उधळायला जीव होत नाही. सागाची गोष्ट आणखी निराळी: त्यात वाळूसारखी कठीण सिलिका असते, धार लवकर जाते, म्हणून तिथे पोलादाहून कठीण अशा कार्बाइडचे दाते परवडतात.

दुसऱ्या खेपेला पिवळाधमक भुसा भसाभस खाली पडू लागला. पहिली फळी सुटली. पुढचा काप लावण्याआधी मेस्ताने जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक तुळईवरून फिरवला. एका जागी तो टक्कन चिकटला. आत खिळा होता.