आयआयएमचा कॉल आलाय? आधी फाईल लावा, मग मॉक द्या

कॅटचा, म्हणजे आयआयएमच्या एमबीए प्रवेश परीक्षेचा रिझल्ट लागला, इंटरव्ह्यूचा कॉल आला की पोरं लगेच यूट्यूबवर मॉक इंटरव्ह्यू बघत बसतात. त्याआधी कागद बघा.

पात्रता साधी आहे, ग्रॅज्युएशनला किमान 50 टक्के, एससी, एसटी आणि दिव्यांगांना 45. शेवटच्या वर्षाला असलात तरी चालतं, फक्त कॉलेजकडून तसं पत्र घ्या. दहावी-बारावीच्या मार्कशीट, डिग्रीच्या सगळ्या सेमच्या, फोटो आयडी, कॉल लेटर, नोकरी असेल तर एक्स्पिरियन्स लेटर, हे सगळं ओरिजिनल आणि झेरॉक्सचा एक सेट.

आपल्याकडची पोरं अडकतात ती कास्ट सर्टिफिकेटवर. ओबीसी असाल तर राज्याचं नॉन क्रिमिलेअर दाखवून काम होत नाही, केंद्राच्या नमुन्यातलं लागतं आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते, त्यामुळे सेतूत अर्ज देतानाच 'सेंट्रलचं पाहिजे' असं ठणकावून सांगा, नाहीतर ते सवयीने राज्याचंच काढून देतात. एसईबीसी, म्हणजे मराठा आरक्षणाचं, तर फक्त राज्यापुरतं. ईडब्ल्यूएसचंही तसंच, केंद्राचा नमुना आणि कोणत्या आर्थिक वर्षाचं मागितलंय ते नीट वाचा. आणि कॅटच्या फॉर्मवर कॅटेगरी एकदा गेली की नंतर बदलून मिळत नाही.

आता इंटरव्ह्यू. समोर साधारण दोन-तीन जण, पंधरा-वीस मिनिटं. बऱ्याच ठिकाणी त्याआधी छोटा निबंध लिहून घेतात, अहमदाबादला त्याला एडब्ल्यूटी म्हणतात. प्रश्न बहुतेक तुमच्याच फॉर्ममधून निघतात, म्हणजे मेकॅनिकल करून आयटीत गेलात तरी इंजिनच्या ऑटो सायकल आणि डिझेल सायकलमधला फरक विचारतील, तिथे 'सर, आता कोडिंग करतो' म्हणून सुटका नाही. छंद ट्रेकिंग लिहिलाय? मग राजगडाच्या तीन माच्या सांगा. सुवेळा आणि संजीवनी आठवल्या आणि पद्मावतीला गाडी अडली तर एकवेळ चालेल, पण एकही नाही आली तर पुढचं सगळं बोलणं त्यांना पाठ केलेलं वाटायला लागतं. 'एमबीए का' हे येतंच, तिथे मोठमोठे शब्द टाकू नका, सध्याच्या कामात नेमकं काय अडतंय ते सांगा. येत नसेल तर सरळ 'माहीत नाही' म्हणा, फेकाफेकी केली की त्याच धाग्यावरून पुढचे तीन प्रश्न येतात.

फायनल लिस्ट फक्त इंटरव्ह्यूवर लागत नाही, कॅटचा स्कोअर, जुने मार्क, कामाचा अनुभव, कशाला किती वजन ते प्रत्येक आयआयएमचं वेगळं, त्यांच्या अॅडमिशन पॉलिसीत छापलेलं असतं, कॉलच्या दिवसापर्यंत ते वाचून ठेवा.