जांभळ्या तारा आणि पाच हजार टन राख

पाच जूनचा पर्यावरण दिन उलटला की वर्तमानपत्रांत तोच फोटो हमखास येतो. एका रोपाभोवती आठ-दहा साहेब, प्रत्येकाचा हात रोपाला लागलेला, आणि खाली ओळ: ‘सीएसआर अंतर्गत वृक्षारोपण’. मोठ्या कंपनीची पर्यावरणाची जबाबदारी म्हणजे हेच, असा समज त्यातून पक्का होत जातो. झाडांना माझा विरोध नाही; सोलापूरच्या मे महिन्यात सावलीला कोण नको म्हणेल? पण कायदा वाचला की गंमत कळते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातले किमान दोन टक्के समाजकार्यावर (हाच तो सीएसआर) खर्च करायचे असतात, आणि धंद्याच्या नेहमीच्या कामांचा खर्च त्यात धरता येत नाही. म्हणजे शाळेला बाक दिले तर सीएसआर. स्वतःच्या चिमणीतली धूळ अडवली तर नाही, कारण ती अडवायचीच असते. फोटो मात्र बाकांचा निघतो.

ही फोटोत न येणारी बाजू बघायला सोलापूरकरांना लांब जायला नको. दक्षिण सोलापुरात फताटेवाडीला एनटीपीसीचे कोळशावर चालणारे १३२० मेगावॅटचे वीजकेंद्र आहे, ६६० चे दोन संच. अशा केंद्राच्या कूलिंग टॉवरमधून निघणारा पांढरा लोट बघून ‘केवढं हे प्रदूषण’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. तो लोट वाफेचा आणि पाण्याच्या थेंबांचा असतो. काळजी करायची ती शेजारच्या उंच चिमणीची, जिच्या तोंडाशी बहुतेक वेळा काहीच दिसत नाही.

काही दिसत नाही, कारण खाली काहीतरी प्रचंड घडत असते. ढोबळ हिशोब करू. विजेच्या एका युनिटला साधारण ६०० ग्रॅम कोळसा लागतो. पूर्ण भाराने १३२० मेगावॅट चालले तर दिवसाला एकोणीस हजार टन कोळसा झाला. आपल्या देशी कोळशात राखच ३५ टक्क्यांच्या आसपास. त्यातली जड राख बॉयलरच्या तळाशी पडते. उरलेली, म्हणजे जवळजवळ ८० टक्के, धुराबरोबर वर निघते. दिवसाला पाच हजार टनांच्या वर! २०१५ च्या डिसेंबरातल्या अधिसूचनेनुसार १ जानेवारी २०१७ नंतर बसवलेल्या संचांना घनमीटरमागे ३० मिलिग्रॅमच धूळ सोडता येते. ती मर्यादा पाळायची तर त्या पाच हजारांतले तीन-चार टनच बाहेर गेले पाहिजेत.

हे काम करते ते स्थिरविद्युत अवक्षेपक, ईएसपी. माझ्या मते कारखान्यांतले हे सगळ्यात देखणे यंत्र.

लोखंडी पत्र्यांच्या उंच भिंती समांतर उभ्या, मधल्या गल्ल्यांतून धूर जातो. प्रत्येक गल्लीच्या मधोमध तारा लोंबतात आणि त्यांना काही दहा हजार व्होल्टचा ऋण दाब दिलेला असतो. तार बारीक असल्याने तिच्या लगतचे विद्युतक्षेत्र इतके तीव्र होते की तिथला वायू फुटतो आणि तारेभोवती जांभळट प्रभा उमटते. याला कोरोना म्हणतात. त्या विषाणूशी संबंध नाही. सुटलेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजन किंवा सल्फर डायऑक्साइडच्या रेणूंना चिकटतात, ते ऋण आयन धुळीच्या कणांवर जाऊन बसतात, आणि ऋणभारित झालेला कण जमिनीला जोडलेल्या पत्र्याकडे ओढला जातो. एक मायक्रॉनपेक्षा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा) मोठे कण क्षेत्राच्या जोरावर भारित होतात, अगदी बारीक कण आयनांच्या सैरावैरा धडकांनी. अडचण अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासच्यांची. त्यांना दोन्ही पद्धती अपुऱ्या पडतात, आणि फुप्फुसात खोल शिरणाऱ्यांत नेमके तेच.

पत्र्यावर जमलेला थर पाडायला यांत्रिक हातोडे ठोके देतात. गॅलरीत चादर झटकणाऱ्याला यातली खुबी कळेल: दर मिनिटाला हलकेच झटकली तर धूळ भुरभुरून पुन्हा हवेत जाते, थर बसू देऊन एकच दणका दिला तर ढेकळासारखी खाली येते.

आता थोडे गणित. असे विभाग एकामागे एक असतात, त्यांना फील्ड म्हणतात. एक फील्ड आलेल्या धुळीतली ९० टक्के पकडते असे धरा. दुसरी उरलेल्यातली ९० टक्के, म्हणजे एकूण ९९. तिसरी ९९.९. डॉइचच्या १९२२ च्या सूत्रात हेच घातांकी रूपात आहे: निसटणारा अंश पत्र्यांचे क्षेत्रफळ आणि पत्र्याकडे सरकणाऱ्या कणाचा वेग यांच्या गुणाकाराला धुराच्या प्रवाहाने भागून येणाऱ्या संख्येवर घातांकाने उतरतो. सूत्र विसरलात तरी चालेल. लक्षात ठेवायचे ते हे की ९९.९ वरून ९९ वर येणे ऐकायला एक टक्काही वाटत नाही, पण एक फील्ड बंद पडली की बाहेर जाणारी धूळ दहापट होते.

आणि इथे निसर्गाने एक खोडी काढून ठेवली आहे. आपला कोळसा कमी गंधकाचा, म्हणून चांगला, असे आपण ऐकतो. सल्फर डायऑक्साइडच्या बाबतीत ते खरेच. पण धुरातला थोडासा सल्फर ट्रायऑक्साइड ओलाव्याबरोबर राखेच्या कणांवर पातळ वाहक थर चढवतो. गंधक कमी, तर तो थर कमी. त्यात राख सिलिका-ॲल्युमिनाची. राखेची विरोधकता, म्हणजे वीज अडवण्याची ताकद, दहाचा अकरावा घात ओहम-सेंटिमीटरच्या पुढे गेली की पत्र्यावरची राख भार सोडतच नाही. थरातच विद्युत्‌स्फोट होतात, धन आयन उलटे निघून येणाऱ्या कणांचा ऋणभार मारून टाकतात. उपाय म्हणजे पत्रे वाढवा, वीज ठोक्याठोक्याने द्या, अमोनियाची मात्रा सोडा. सगळ्याला पैसा लागतो, आणि यातले काहीच उद्‌घाटनाजोगे नसते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे यंत्र कारखान्यांत आणणाऱ्या फ्रेडरिक कॉट्रेलने आपले पेटंट १९१२ मध्ये एका ना-नफा संस्थेकडे सोपवले. त्या उत्पन्नातून पुढे गोडार्डच्या रॉकेटना आणि लॉरेन्सच्या सायक्लोट्रॉनला (अणूतले कण वेगाने फिरवणाऱ्या यंत्राला) मदत झाली. सीएसआर हा शब्द जन्मायच्या आधीची गोष्ट.

हवा शुद्ध करायला होम करा, असे संदेश हल्ली फिरत असतात. तुपाचा धूर हाही धूरच. कण मोजणाऱ्या यंत्राला मंत्र ऐकू येत नाहीत.

पकडलेल्या राखेचे काय? डिसेंबर २०२१ च्या नियमाप्रमाणे ती तीन वर्षांच्या सरासरीने शंभर टक्के वापरात आणायची, नाहीतर टनाला हजार रुपये भरपाई. पोझोलाना सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख चालते आणि होटगीच्या बाजूला सिमेंट कारखाने आहेतच. पाण्यालाही मर्यादा आहे, नव्या केंद्रांना युनिटमागे तीन लिटर. कमी वाटते? १३२० मेगावॅटला ते पूर्ण भाराने दिवसाला साडेनऊ कोटी लिटरपर्यंत जाते, आणि हा जिल्हा उजनी धरणाच्या टक्केवारीकडे डोळे लावून बसणारा.

कंपनीने हे कसे सांभाळले ते तपासायचे तर फोटोंची पाने उलटून पुढे जा. बाजारमूल्याने पहिल्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीच्या नमुन्यात, बीआरएसआरमध्ये, माहिती द्यावी लागते. त्यातल्या सहाव्या तत्त्वाखाली पाणी, धूळ, कचरा, हरितगृह वायू यांचे तक्ते असतात. ‘ग्रीन’, ‘नेट झिरो’ वगैरे विशेषणे तिथे फार टिकत नाहीत, कारण आकड्यापुढे एकक लिहावे लागते.

तरी एक पळवाट मला खटकते. संच सुरू करताना आधी तेल जाळतात, आणि अर्धवट जळलेल्या तेलाची वाफ ठिणगीने पेटू नये म्हणून तेव्हा ईएसपी पूर्ण चालवत नाहीत. कधीमधी दिसणारा काळा धूर तो हाच. दुपारी सौर वीज भरपूर येऊ लागल्यापासून कोळशाच्या संचांना भार कमी-जास्त करावा लागतो. २०२३ च्या नियमांनी भाराची किमान पातळी टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांवर आणायला सांगितले आहे. भार इतका उतरवायचा तर तेलाचा आधार किंवा संच बंद करून पुन्हा पेटवणे वाढू शकते. वार्षिक सरासरीच्या तक्त्यात त्या तासांचा पत्ता लागत नाही. त्यासाठी चिमणीत बसवलेल्या अखंड मापन यंत्राचे तासागणिक आकडे मागावे लागतात.