पुष्करमूळ
हिमालयाच्या उंच, थंड आणि कोरड्या भागात वाढणाऱ्या, सूर्यफुलाच्या कुळातील एका बहुवर्षायू वनस्पतीचे सुगंधी मूळ. शास्त्रीय नाव इन्युला रॅसिमोसा. काश्मीर, लडाख व हिमाचलातील लाहौल हा तिचा मुख्य प्रदेश. झाड पुरुषभर उंच होते, पाने मोठी असतात आणि पिवळी फुले दांड्यावर तुऱ्यासारखी लागतात. अमरकोशात या मुळाला ‘पुष्कर’ आणि ‘पद्मपत्र’ यांच्या जोडीला ‘काश्मीर’ असेही नाव आहे. नावात कमळ असले तरी कमळाशी याचा संबंध नाही.

लाहौलमध्ये याला ‘मानू’ म्हणतात. तेथे ते शेताच्या बांधाला लावतात आणि दोन-तीन वर्षांनी, बर्फ पडण्याआधी, मुळे खणून वाळवतात. सोवा-रिग्पा या तिबेटी वैद्यक पद्धतीने उपचार करणारे अमची चार द्रव्यांचा ‘मानू-४’ हा काढा देतात, पण तो मुख्यतः तापावर. हृदयरोगावरचे औषध म्हणून पुष्करमुळाची ख्याती झाली ती बरीचशी मैदानातल्या वैद्यांमुळे. डोंगराने मूळ दिले, हा वापर रुळवला तो खालच्यांनी, असे म्हणायला हरकत नाही.

उचकी, श्वास (दमा), खोकला आणि पार्श्वशूळ (बरगड्यांतली कळ) यांवरच्या द्रव्यांत चरकाने पुष्करमूळ श्रेष्ठ मानले आहे. पुढच्या ग्रंथांत छातीतल्या शुळावर त्याचे चूर्ण मधातून चाटवण्याचा पाठ येतो. धाप आणि छातीतली कळ हृदयविकारातही दिसतात, त्यामुळे हा विस्तार समजण्यासारखा आहे. च्यवनप्राशातही हे मूळ असते, तेव्हा नकळत ते बहुतेकांच्या पोटात गेलेले आहे.

१९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्राथमिक अभ्यासात हृदयशूळाच्या अवघ्या नऊ रुग्णांना हे चूर्ण दिले होते. ईसीजीत सुधारणा नोंदवली गेली. १९९३ मध्ये पुष्करमूळ व गुग्गुळ यांचे मिश्रण २०० रुग्णांना सहा महिने देऊन पाहिले, तेव्हाही बऱ्याच जणांची छातीतली कळ कमी झाल्याची नोंद आहे. एवढ्या पुराव्यावर चालू गोळ्या बंद करणे धोक्याचे, आणि झटका आल्यावर तर चूर्ण चाटत बसण्याची वेळच नसते. मुळातील अ‍ॅलँटोलॅक्टोन या घटकाने काहींच्या त्वचेला पुरळही उठते.

बाजारातला घोळ जुनाच आहे. पुष्करमूळ न मिळाल्यास कुष्ठ घ्यावे, अशी मुभा परंपरेनेच दिली. आणि कुष्ठ, म्हणजे कूठ, हेही लाहौलमध्येच पिकते. दोन्ही मुळे सुगंधी, वाळली की दिसायलाही जवळची. रानातून ओरबाडल्यामुळे दोन्ही आज दुर्मीळ झाली आहेत; रानटी कुठाचा आंतरराष्ट्रीय व्यापार तर सायटीस या दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरील कराराने जवळजवळ बंदच केला आहे. गुग्गुळाची गतही वेगळी नाही. ते झुडूप राजस्थान-गुजरातच्या कोरड्या रानातले, आणि डिंकासाठी चिरे पाडून पाडून तेही संपत आले आहे.