लांबवलेल्या स्वराची सहा दशके: जॉन केल

जॉन केल यांनी वयाची ८० वर्षे ओलांडल्यानंतर, २०२३ आणि २०२४ अशा लागोपाठच्या वर्षांत, नव्या गाण्यांचे दोन अल्बम प्रसिद्ध केले. ‘द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ या न्यूयॉर्कच्या रॉक गटाचे एक संस्थापक म्हणून ते ओळखले जातात, मात्र त्या गटात ते जेमतेम तीन वर्षे होते. रॉक संगीताला त्यांनी नेमके काय दिले हे समजून घ्यायचे, तर गट स्थापन होण्यापूर्वीचा काळ पाहावा लागतो.

केल यांचा जन्म ९ मार्च १९४२ रोजी वेल्समधील गार्नंट या खाणकामगारांच्या गावात झाला. वडील कोळशाच्या खाणीत काम करत, आई शिक्षिका होती. घरात आजीने इंग्रजीला मज्जाव केला होता आणि वडिलांना वेल्श येत नव्हती. त्यामुळे वयाच्या सातव्या वर्षी शाळेत इंग्रजी शिकेपर्यंत बापलेकांत धड संभाषण होऊ शकले नाही. व्हायोला या व्हायोलिनहून थोड्या मोठ्या वाद्याचे शिक्षण घेऊन ते वेल्सच्या राष्ट्रीय युवा वाद्यवृंदात वाजवू लागले, लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयात शिकले आणि १९६३ मध्ये संगीतकार एरन कोपलंड यांच्या मदतीने शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेत पोहोचले.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये प्रयोगशील संगीतकार जॉन केज यांनी फ्रेंच संगीतकार एरिक साती यांची एक छोटी पियानोरचना न्यूयॉर्कमध्ये ८४० वेळा सलग वाजवण्याचा कार्यक्रम केला. १८ तासांहून अधिक चाललेल्या या कार्यक्रमात आळीपाळीने बसणाऱ्या वादकांपैकी केल एक होते. त्यापेक्षाही निर्णायक ठरला तो अमेरिकी संगीतकार ला माँट यंग यांच्या गटातील सहभाग. मोजके स्वर, शुद्ध गणिती प्रमाणात जुळवलेले, तासन्‌तास धरून ठेवायचे, एवढीच या गटाची साधना होती. अमेरिकेतील विजेच्या ६० हर्ट्‌झच्या घरघरीलाच ते आधारस्वर मानत. यंग यांच्यावर उस्ताद अली अकबर खाँ यांच्या ध्वनिमुद्रणातील तानपुऱ्याचा खोल परिणाम झाला होता, आणि १९७० मध्ये त्यांनी किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचे शिष्यत्व पत्करले. आपल्याकडील वाचकाला हा धागा विशेष जवळचा वाटेल. केल यांनी व्हायोलाची घोडी तासून सपाट केली, म्हणजे गज एकाच वेळी अनेक तारांवर फिरू शकेल, आणि गिटारच्या तारा चढवून त्याला ध्वनिवर्धकाची जोड दिली.

हे वाद्य घेऊन ते गायक-गीतकार लू रीड यांना भेटले. १९६५ मध्ये उभ्या राहिलेल्या ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’मध्ये रीड यांच्याकडे शहराच्या अंधाऱ्या बाजूविषयी थेट बोलणारी गाणी होती, तर केल यांच्याकडे त्या गाण्यांखाली अखंड वाहणारा, कर्कश होण्याची भीती न बाळगणारा स्वर होता. माझ्या मते १९६७ च्या पहिल्या अल्बमचे वेगळेपण या संयोगातच आहे. नुसत्या धीट शब्दांनी ते आले नसते. दुसऱ्या अल्बममध्ये हा प्रयोग टोकाला गेला, आणि त्यातील सुमारे १७ मिनिटांच्या शेवटच्या गाण्यात केल यांचा ऑर्गन गिटारशी अक्षरशः झुंजतो. सप्टेंबर १९६८ मध्ये रीड यांच्या आग्रहामुळे त्यांना गट सोडावा लागला.

पुढच्या काळात केल यांचे काम इतरांच्या ध्वनिमुद्रणांतून अधिक ऐकू येते. गायिका निको यांच्या १९६८ च्या अल्बमची वाद्ययोजना त्यांची होती. १९६९ मध्ये ‘द स्टूजेस’ या रॉक गटाच्या पहिल्या अल्बमचे ते निर्माते होते, आणि त्यातील एका प्रसिद्ध गाण्यात पियानोचा एकच स्वर त्यांनी जवळपास सतत ठोकत ठेवला आहे. यंग यांच्याकडची शिकवण तीन मिनिटांच्या आक्रमक गाण्यात इतक्या साधेपणाने उतरलेली पाहिली, की परंपरा कशा वाटेने प्रवास करतात याचे नवल वाटते. १९७५ मध्ये गायिका पॅटी स्मिथ यांच्या पहिल्या अल्बमची निर्मितीही त्यांनीच केली. पंक या आक्रमक, साध्या रॉक शैलीच्या तीन-चार मूळ प्रवाहांवर असा एकाच माणसाचा हात फिरला.

स्वतःच्या अल्बममध्ये मात्र त्यांनी एका शैलीत राहणे टाळले. १९७३ च्या ‘पॅरिस १९१९’मध्ये वाद्यवृंदासह सुरेल, सुसंस्कृत गाणी आहेत, १९८२ च्या ‘म्युझिक फॉर अ न्यू सोसायटी’मध्ये गाणी जवळजवळ हाडांपर्यंत सोलून काढली आहेत. १९८७ मध्ये गटाचे सुरुवातीचे व्यवस्थापक, चित्रकार अँडी वॉरहॉल यांच्या निधनानंतर ते आणि रीड पुन्हा एकत्र आले व १९९० मध्ये त्यांच्या स्मरणार्थ एक गीतमालिका प्रसिद्ध झाली; १९९३ चा मूळ गटाचा युरोप दौरा मात्र त्या दोघांतील जुन्या वादामुळे पुढे वाढला नाही. रीड यांचे २०१३ मध्ये निधन झाले.

मागे वळून पाहण्याची केल यांची पद्धत २०१६ मध्ये स्पष्ट दिसली. १९८२ च्या त्या अल्बममधील गाणी त्यांनी इलेक्ट्रॉनिक ध्वनींचे दाट थर देऊन नव्याने मुद्रित केली आणि मूळ ध्वनिमुद्रणही त्याच वेळी पुन्हा उपलब्ध करून दिले. जुन्यातील मोकळी जागा नव्यात भरून गेली आहे, आणि त्यांतले कोणते रूप अखेरचे मानायचे हे त्यांनी श्रोत्यांवर सोपवले आहे.